पोट पुन्हा उघडायचं का? तुमचे प्रश्न

प्रश्न पाठवणारे वेगळे, गोंधळ तोच, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

दोन ऑपरेशनं झालीत. आता आतडी चिकटलीत, म्हणून अधूनमधून दुखतं. उघडून सोडवून घेऊ का?

नुसत्या दुखण्यासाठी सहसा नाही. पोट उघडलं की आतडी थोडीफार चिकटतातच, आणि सोडवायला पुन्हा उघडलं की नव्याने चिकटतात, वर सोडवताना आतड्याला भोक पडायची भीती वेगळीच. ‘लेझरने सोडवू, परत चिकटणार नाही’ म्हणणाऱ्याकडे तेवढं लेखी मागा, बघा देतो का.

आईचं पोट फुगलंय, कालपासून गॅस नाही, संडास नाही, हिरव्या उलट्या होतायत. ओळखीतल्या एकांनी जुलाबाची पावडर सांगितलीय.

पावडर ठेवा बाजूला, आत्ता हॉस्पिटलला न्या. बऱ्याचदा नाकातली नळी आणि सलाईनवर सुटतं. पण ताप, नाडी जोरात, दुखणं थांबतच नाही असं असेल तर लगेच ऑपरेशन लागू शकतं.

वडिलांच्या आतड्याचा जोड लीक झाला, परत उघडलं, आता जखमेतून आतड्यातलं पाणी येतं. 5 आठवडे झालेत. नातेवाईक म्हणतात दुसरीकडे नेऊन लगेच बंद करून घ्या.

हे ‘लगेच’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. आधीचं ऑपरेशन होऊन 5 आठवड्यांनी आत सगळी आतडी एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात, सोडवायला गेलं की एका भोकाची तीन होतात. आधी पू काढायचा, बहुतेकदा सीटी बघून नळी टाकून. मग कातडी सांभाळायची, पाणी गोळा करायला पोटावर चिकटवतात त्या पिशवीचं भोक फिस्टुलाच्या (म्हणजे आतड्यातून कातडीपर्यंत पडलेल्या वाटेच्या) मापाने कापायचं, नाहीतर पाणी खाली झिरपून कातडी भाजल्यासारखी होते. मग पोषण, तोंडाने नाहीतर शिरेतून. दिवसाला 500 मिलीच्या वर पाणी जात असेल तर साधं पाणी भरपूर पाजू नका, त्याने गळती वाढते, ओआरएस किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. यात काही फिस्टुला आपोआप बंद होतात. नाहीच झाला तर ऑपरेशन साधारण 3 ते 6 महिन्यांनी, वजन भरलं, पोट हाताला मऊ लागायला लागलं की. आणि जुन्या ऑपरेशन नोट्स आजच मागून घ्या! डिस्चार्ज कार्डावर ‘आतड्याचा भाग काढला’ एवढंच लिहिलेलं असतं, मला हवं असतं किती सेंटीमीटर उरलंय, कारण लहान आतडं 200 सेंमीच्या खाली गेलं की अन्न-पाणी शोषायचीच पंचाईत. पण ताप आला, रक्त आलं तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

स्टोमा (पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड) कधी बंद होतो?

बहुतेकदा 3 महिन्यांच्या आसपास, जोड भरलाय का ते तपासूनच. केमो चालू असेल तर तारीख सर्जन आणि केमोचे डॉक्टर मिळून ठरवतील.

सिगरेट ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सोडली तर चालेल?

नाही. निदान 4 आठवडे आधी.

सेकंड ओपिनियन घेतलं तर आमचे डॉक्टर चिडतील का?

चिडू देत. जाताना नुसता सीटीचा रिपोर्ट नको, सीडीपण न्या.