लिंबूसोड्यातलं आम्ल मोजताना

सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण थेंबथेंब घालून (टायट्रेशनने) आम्ल मोजायला दादरच्या गाडीवरचा लिंबूसोडा घेणार असशील, तर आधी भरपूर ढवळून गॅस घालव. मग १० मिली मोजून घे आणि तेवढंच थोडं उकळून थंड कर. ही पायरी कधीच टाळू नकोस. उरलेल्या कार्बन डायऑक्साइडवरही सोडियम हायड्रॉक्साइड खर्च होतं आणि आम्ल जास्त दिसतं. फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या सूचकाचे) दोन थेंब पुरे. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की द्रावण घालणं थांबव. सायट्रिक आम्ल तीन प्रोटॉन देतं, म्हणून ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) सोडियम हायड्रॉक्साइडच्या १ मिलीमागे ६.४ मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल धर. कोकम सरबत सुरुवातीला नकोच, त्याचा लाल रंग अंतिम बिंदू, म्हणजे थांबायची गुलाबी खूण, झाकतो. आणि मुंबईच्या दमट हवेत सोडियम हायड्रॉक्साइड पाणी ओढतं. नुसत्या वजनावर विसंबू नकोस, द्रावणाची खरी तीव्रता ऑक्झॅलिक आम्लाने तपासून (प्रमाणित करून) घे.