नोटीस आली आहे, माफी मागू का?

प्रश्न : काका, मी २९ वर्षांची. सुदामानगरात राहते, सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट आहे. १४ जूनच्या रात्रपाळीत लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी, बघताना दिसलं की आमच्या एका ग्राहकाचा सर्व्हर दर वीस मिनिटांनी परदेशातल्या एकाच पत्त्यावर डेटा पाठवतोय. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "ग्राहकाला कळलं तर कॉन्ट्रॅक्ट जाईल, गप्प राहा." तीन दिवस थांबले, मग सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवलं. लॉगचे स्क्रीनशॉट घरच्या मेलवरून जोडले. आता गोपनीयता भंगाची कारणे दाखवा नोटीस आली आहे, सात दिवसांत उत्तर द्यायचंय. बाबा म्हणतात, माफी मागून मोकळी हो. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : माफी मागू नकोस. बाबांची काळजी मला कळते, घरात पगार यायला हवा. पण "माझी चूक झाली" असं एकदा लिहून दिलंस की तोच कागद उद्या तुझ्याविरुद्ध वापरतील.

तुझ्यासारखंच अमेरिकेत शॉन कार्पेंटर यांच्या बाबतीत झालं. न्यू मेक्सिकोतल्या सँडिया या राष्ट्रीय प्रयोगशाळेत ते अ‍ॅनालिस्ट होते. घुसखोरांचा माग काढत ते दक्षिण कोरिया, हाँगकाँग, तैवान असे थांबे ओलांडून चीनच्या ग्वांगडोंग प्रांतापर्यंत पोचले. वरिष्ठांनी बाहेर बोलू नका म्हटलं, तरी त्यांनी लष्कराच्या गुप्तचरांना आणि मग एफबीआयला सांगितलं. जानेवारी २००५ मध्ये नोकरी गेली. नोकरीत मिळालेली माहिती बाहेर दिली, हे कारण. ते कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ज्यूरीने त्यांना ४० लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. मधली दोन वर्षं कशी गेली असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

कार्पेंटर माग काढताना घुसखोरांच्या मशीनमध्येही शिरले होते. तू तसं काही केलेलं नाहीस ना? आपल्याकडे मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्याही संगणकात शिरणं आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, समोरचा चोर असला तरी. आणि उत्तरात अमक्या देशाने हल्ला केला असं लिहू नकोस. पत्ता तिथला असला म्हणून चोर तिथलाच असतो असं नाही. किती वाजता, कुठून, कुठे, किती डेटा गेला, एवढंच लिही.

तुझी बाजू भक्कम आहे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. तू तर कंपनीला तीन दिवस दिलेस. हेच उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवं. घरच्या मेलची गोष्ट मात्र लपवू नकोस. ती तुझी कमजोर बाजू आहे. सर्ट-इनशिवाय ते स्क्रीनशॉट कुणालाही दिले नाहीत, हे खरं असेल तर स्पष्ट लिही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ प्रमाणे तक्रारीची अंतर्गत यंत्रणा ठेवणं तिला भाग आहे. तिथेही अर्ज टाक. मसुदा पाठवण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखव.

साहेबांना तू तोंडी सांगितलंस की मेल केला होतास? मुद्दाम विचारतोय. बँकेच्या संगणक विभागात असताना असाच एक प्रकार मी साहेबांना केबिनमध्ये उभ्या उभ्या सांगितला. वेळा लिहिल्या होत्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर, पेन्सिलीने. चौकशीत साहेब म्हणाले, मला कुणी काही बोललंच नाही. महिना संपला तेव्हा ते पान फाडून रद्दीत गेलेलं. माझ्या हाताखालचा मुलगा नाहक बदलीवर गेला. ती टोचणी अजून आहे. तू तोंडीच सांगितलं असशील तर कधी, कुठे, कोण हजर होतं, हे आज रात्रीच आठवून लिहून ठेव.

आणि एक काम उत्तराचीही वाट न बघता कर. त्याच निर्देशांप्रमाणे कंपनीला लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. १४ जूनपासून मोजलं तर ११ डिसेंबर. त्या रात्रीचे लॉग पुसू नयेत, अशी लेखी विनंती एचआरला आणि साहेबांना उद्या सकाळीच पाठव, आणि पोच घे.