घाबरट वुल्फडॉग लातूरकडे कोणाला द्यावा?

"शेतावर राखणीला देऊन टाका" असं दहा जण सांगतील, ऐकू नका. साखळीला बांधलेला घाबरट वुल्फडॉग (लांडगा आणि कुत्र्याचा संकर) राखण करत नाही. जागच्या जागी घिरट्या घालतो, पट्टा चावत बसतो, आणि सुटला की पहिली धाव शेजारच्या शेळ्यांवर. पुढचं सांगायला नको.

आधी कागद बघा. "माळावरच्या लांडग्याचं पिल्लू" म्हणून कोणी गळ्यात मारला असेल तर भानगड वेगळी: भारतीय लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे. मग परस्पर कोणाला देऊ नका, वन विभागाला १९२६ या फोन क्रमांकावर कळवा.

घेणाऱ्याकडे उंच भिंत हवी, पायथ्याला फरशी हवी (हे उकरून निघतात) आणि मे महिन्यात दुपारी आत पंख्याखाली जागा हवी. एका दिवसात सोपवू नका. त्यांनी आधी चार-पाचदा तुमच्या घरी यावं, जमिनीवर तिरकं बसावं, नजर न देता खाऊ टाकावा. तो आपणहून हुंगायला येईपर्यंत हात लावायचा नाही. हुकमाचे शब्द तुमचेच ठेवायला सांगा. कधी चावला असेल तर लपवू नका, लिहून द्या. आणि दिवाळीच्या तोंडावर तर मुळीच देऊ नका.