आधी लिही, मग सोड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

परवा रात्री साडेअकराला तुझा निरोप आला. कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांचे तीन फोटो आणि खाली एक ओळ: ‘मॅडम, उद्या हे रुमाल सोडायला सांगितलेत, सोडू का?’ मी लगेच फोन केला. तू बोललास थोडं, गप्पच जास्त होतास. रोज इतकी पानं स्कॅन झालीच पाहिजेत हा दट्ट्या, अकरा महिन्यांचा करार, घरच्यांचं ‘यात पुढे काय आहे’ हे टुमणं, आणि टेबलावर एका घराण्याच्या तीन पिढ्यांचं दफ्तर, सगळे जुने कागदपत्र. मी फोनवर चिडले. तुझ्यावर नाही, पण ऐकायला तूच होतास. म्हणून हे पत्र.

जुने कागद किती मोलाचे आहेत वगैरे मी तुला ऐकवणार नाही. ते पटलं नसतं तर दोन वर्षं रविवार मोडून मोडी शिकला नसतास. मला एकच गोष्ट सांगायची आहे. आधी लिही, मग सोड.

रुमालाची गाठ सोडण्याआधी वही उघड. कापड कसलं, कुठल्या ट्रंकेतलं, वरचं की तळाचं, शेजारी कोणता रुमाल होता, वर चिठ्ठी आहे का, तिच्यावर काय लिहिलंय. हे लिहून झालं की गाठ सोड. आत पुडकी असतील तर आधी प्रत्येकाचा अंक वहीत, मगच त्याचा दोरा. पुडक्यातल्या कागदावर अंक घालायचा तर मऊ शिसपेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात, हलक्या हातानं. बॉलपेन त्या टेबलावर दिसता कामा नये.

का, ते तुला मोडी येते म्हणून चटकन कळेल. मराठेशाहीतल्या कितीतरी पत्रांवर ‘छ’ घालून चंद्र, म्हणजे चांद्र महिन्यातला कितवा दिवस ते, दिलेला असतो, रजब किंवा रमजान असा महिना असतो, आणि साल नसतं. लिहिणाऱ्याला साल ठाऊक, वाचणाऱ्यालाही ठाऊक, मग लिहायचं कशाला? आपल्याला ते कोण सांगणार? शेजारचा कागद. त्याच पुडक्यात एखादी सालाची पावती निघते, एखाद्या पत्राच्या पाठीवर ते पोहोचल्याची ‘पै॥’ अशी नोंद असते, आणि मधलं बिनसालाचं पत्र आपोआप जागेवर बसतं. शेजार मोडला की ते पत्र मुकं होतं. अक्षर न् अक्षर वाचता येतं, पण ते कधीचं हे कळत नाही.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही.

१९८४ साली मी २६ वर्षांची होते. ग्रंथालयशास्त्राची पदवी नवी, पुस्तकं विषयवार लावायचं द्विबिंदू वर्गीकरण तोंडपाठ. आमच्या दुर्मिळ ग्रंथ विभागात एका वकिलांच्या वाड्यातून दोन लोखंडी ट्रंका आल्या. आत १९ रुमाल. मला तो पसारा वाटला, आणि पसारा आवरणं हे माझं काम. आठ दिवसांत मी सगळे सोडले. जमिनीचे कागद एकीकडे, देण्याघेण्याचे दुसरीकडे, घरची पत्रं तिसरीकडे, वाचता न आलेले चौथीकडे. नवी कोरी फोल्डरं, त्यांवर टंकलिखित चिठ्ठ्या. जुनी कापडं मळकी म्हणून शिपायाला दिली, त्यानं त्यांनी खिडक्या पुसल्या. कापडांना बांधलेल्या चिठ्ठ्या केराच्या टोपलीत गेल्या. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. ते कौतुक मला आजही बोचतं.

सात-आठ वर्षांनी एक अभ्यासक आले. त्या संग्रहातल्याच एका पत्राची नक्कल त्यांच्याकडे होती. कर्जाचं पत्र, महिना रजब, साल नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘हे कोणत्या रुमालात होतं? बरोबर काय काय होतं?’ मला उत्तर देता आलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ‘असू दे’ म्हणाले, वही मिटली आणि गेले.

त्यानंतर मी तो संग्रह पुन्हा जुळवायला घेतला. कचेरीच्या वेळेत नाही, पाचनंतर. वाट दाखवली ती किडीनं. कागद खाणारी अळी गठ्ठ्यातून आरपार जाते. एका पत्राला जिथे भोक, त्याच्या खालच्याला तिथेच भोक, केसभर सरकलेलं. भोकावर भोक ठेवत, घडीवर घडी बसवत, पाण्याच्या डागाची कड दुसऱ्या डागाच्या कडेला लावत मी ४ रुमाल उभे केले. १९ पैकी ४, आणि त्याला ११ वर्षं लागली. एका संध्याकाळी एका पत्राची घडी उलगडली आणि टेबलावर बारीक चकाकती वाळू सांडली. शाई वाळावी म्हणून कुणीतरी टाकलेली, तेव्हापासून घडीतच राहिलेली. १९८४ साली ते १९ रुमाल सोडतानाही अशी वाळू सांडली असणार. मी ती फडक्यानं पुसली असणार.

इतिहासकार राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला. त्याच साली तिकडे हॉलंडमध्ये तीन अभिलेखपालांनी एक हस्तपुस्तक छापलं. त्याचं सार असं, की संग्रह जसा घडत गेला तसाच ठेवा, आपल्या सोयीनं विषयवार फोडू नका. जगभरच्या अभिलेखागारांनी ते मानलं. मला ते २६ व्या वर्षी कुणी सांगितलं नाही, कारण आम्हाला पुस्तकं लावायला शिकवलं होतं. पुस्तक विषयानं लागतं, दफ्तर तसं लागत नाही. इतिहासकार सरदेसाईंनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातून, पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांतून, निवडून ४५ खंड काढले, विषयवार. त्या खंडांवर अभ्यासकांच्या पिढ्या वाढल्या, मीही वाढले. पण ज्याला एखाद्या पत्राची खात्री करून घ्यायची असते तो आजही पुण्यात जाऊन रुमालच मागतो.

तुझे साहेब तुला ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचं पहिलं सूत्र ऐकवतील, ग्रंथ उपयोगासाठी आहेत, स्कॅन झाले की सगळ्यांना उपयोग. स्कॅन कर ना. मी स्कॅनच्या विरोधात नाही, चिमूरच्या मुलीला घरबसल्या पेशव्यांचं पत्र दिसलं तर मला आनंदच आहे. पण ‘कोरी बाजू वगळा’ असं लेखी सांगितलंय म्हणालास, ते ऐकून मला झोप लागली नाही. कोरी कुणी ठरवली? ‘पै॥’ पाठीवरच असते. नाव-पत्ता पाठीवर, शिक्का पाठीवर. विलायती कागद असेल तर उजेडासमोर धरल्यावर त्यात जलचिन्ह दिसतं, कधी कधी सालासकट. स्कॅनमध्ये ते येत नाही. ते वहीत लिहावं लागतं. पुन्हा तेच, आधी लिही.

‘वेळ नाही’ हे मला सांगू नकोस. एका रुमालाची बाहेरची नोंद वीस मिनिटांत होते. तुझ्या खिशात मोबाइल आहे, प्रत्येक थर उचलण्याआधी एक फोटो काढता येतो. माझ्याकडे तेवढं असतं तर आज १९ रुमाल शाबूत असते.

आता दुसरी गोष्ट. जादा प्रती निर्लेखित करायच्या, म्हणजे नोंदीतून काढून टाकायच्या, यादीवर तुझी सही मागतील. माझीही मागितली होती, २१२ पुस्तकांच्या यादीवर. त्यात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीची दुसरी प्रत होती. मी ती चाळली. समासात कुणीतरी बारीक अक्षरात आपल्या मुलखातले शब्द टिपले होते, कोशात नसलेले. नांगराच्या भागांचे, भाताच्या जातींचे, पावसाच्या तऱ्हांचे. पहिल्या पानावर जुन्या शाळेचा शिक्का. ती जादा प्रत होती का? मी सही केली नाही. मेमो आला, खुलासा दिला, पुन्हा मेमो आला. बढती माझ्यानंतर लागलेल्या गृहस्थांना मिळाली. निवृत्त होईपर्यंत मी त्याच खुर्चीत होते. बाई आडमुठी आहे, असं आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे. घरीही बोलणी खाल्ली, पगारातला फरक कुणाला नको असतो? पण तो कोश आज तिथे आहे. मी वाकले असते तर तो रद्दीच्या काट्यावर गेला असता. १९ रुमाल ज्या हातांनी मोडले ते हात दुसऱ्यांदा तसं करणार नव्हते. मी चूक केली असं मला अजूनही वाटत नाही, आणि तू तरी मला तसं म्हणू नकोस.

हे तुला लिहिलेल्या पत्रात कुठून आलं? येऊ दे. तुला कळायला हवं की याची किंमत पडते, आणि ती तुला परवडेल की नाही हे मी ठरवू शकत नाही. तुझ्यावर घर आहे. नोकरी सोडावीशी वाटली तर सोड. बँकेच्या परीक्षा दे, मी वाईट वाटून घेणार नाही. पण अर्धवट सोडलेला रुमाल टेबलावर ठेवून जाऊ नकोस. वही पुरी कर, दोन नकला काढ, एक दाखलनोंद पुस्तकाजवळ ठेव, एक मला पाठव. तुझ्या जागी जो येईल त्याला मोडी येईलच असं नाही, तुझी वही मात्र त्याला वाचता येईल. नोकरीचंही तेच आहे बघ, आधी लिही, मग सोड.

साहेबांशी भांडायला जाऊ नकोस. ‘सोडण्याआधी फोटो आणि नोंद करतो, रोजचा आकडा आठवडाभर कमी येईल, नंतर भरून काढतो’ असं शांतपणे लिहून दे. तोंडी नको. लिहून दिलेलं नाकारायला त्यांनाही लिहावं लागतं, आणि तेवढे कष्ट सहसा कुणी घेत नाही.

सेलोटेप आणि लॅमिनेशनबद्दल पुढच्या पत्रात. तोवर फाटलेल्या कागदाला काही चिकटवू नकोस, फाटका तसाच राहू दे. दोरा विकत घेशील तर सुती, रुंद फितीसारखा. बारीक दोरा कडा कापतो.

तुझा तिसरा फोटो मी काल मोठा करून पाहिला. चिठ्ठीवर ‘मौजे’ लागतं, पुढच्या गावाचं नाव लागत नाही, कारण त्यावरून दोरा गेलाय. दोरा सरकवू नकोस. खिडकीकडून तिरका उजेड घे, दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी दोन फोटो काढ आणि सकाळी गाठीला हात लावण्याआधी मला पाठव. मी सहाला उठलेली असते.

तुझी,
मॅडम