‘माळरान’ आणि ‘पडीक जमीन’ हे समानार्थी शब्द आहेत का?

प्रश्न: सोलापुरातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, सहावीच्या मुलांना नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यात नेण्याआधी वर्गात लावायच्या तक्त्यावर त्यांनी ‘पडीक माळरानावरील जीवसृष्टी’ असे शीर्षक लिहिले. सहकाऱ्यांनी त्यावर आक्षेप घेऊन ‘गवताळ प्रदेश’ हा शब्द सुचवला. यांपैकी योग्य काय, आणि माळ, पडीक, ओसाड हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का?

उत्तर: शीर्षकातला ‘पडीक’ काढावा आणि ‘माळरान’ ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘पडीक’ हा शब्द ‘पडणे’ या क्रियापदावरून आला आहे आणि तो शेतीच्या व्यवहारातला आहे. पाऊस झाला नाही, बैल विकावे लागले किंवा भावाभावांत वाटणीचा वाद लागला, की रान पड पडते. पडीक म्हणण्यासाठी ती जमीन आधी वहिवाटीत असावी लागते, निदान ती नांगराखाली यायला हवी होती अशी अपेक्षा तरी असावी लागते. ‘ओसाड’ या शब्दात माणसांची वस्ती गृहीत आहे, कारण गाव ओस पडते तेव्हा तेथून कोणीतरी उठून गेलेले असते. ‘उजाड’ म्हणताना पूर्वी काहीतरी हिरवे होते आणि ते गेले, हे आपण सांगत असतो. म्हणजे हे तिन्ही शब्द जमिनीवर काय नाही ते सांगतात. ‘माळ’ हा शब्द मात्र जमिनीची जात सांगतो: उंचवट्याची, उघडी, उथळ मातीची, मुरमाड आणि गवताची जमीन. तेथून काही गेलेले नाही. ती मुळात तशीच आहे.

हा माळ पुल्लिंगी आहे, म्हणून आपण ‘माळावर’ म्हणतो. गळ्यातली माळ स्त्रीलिंगी असल्याने तिचे ‘माळेत’ होते. ‘मळा’ हा तर विहिरीच्या पाण्यावरचा बागायती तुकडा, म्हणजे माळाच्या अगदी उलट टोकाचा. ‘माळरान’ या जोडशब्दातल्या ‘रान’चा अर्थही मुलांना जरूर सांगावा. पुस्तकी मराठीत रान म्हणजे जंगल, पण आपल्या भागात ‘दादा रानात गेलेत’ याचा अर्थ ते शेतावर गेले आहेत असाच होतो. हलके रान, भारी रान, काळे रान, बरड रान असे भेद करताना जमिनीचा पोत सांगितला जातो, झाडांची दाटी नव्हे. त्यामुळे माळरान या शब्दावरून तेथे जंगल असायला हवे होते असे समजण्याचे कारण नाही.

‘पडीक’ हे विशेषण माळाला चिकटले त्यात महसुली भाषेचा मोठा वाटा आहे, असे मला वाटते. सातबाऱ्यावर जमिनीची वर्गवारी लागवडीच्या दृष्टीने होते आणि पिकाखाली न येणारा भाग ‘पोटखराबा’ म्हणून नोंदला जातो. शेतसारा ठरवण्यासाठी ही विभागणी सोयीची होती. परंतु तोच खराबा कुसळी, पवन्या आणि मारवेल या गवतांनी भरलेला असू शकतो, हे त्या रकान्यात कोठेच दिसत नाही. पुढे १९८५ साली राष्ट्रीय पातळीवर पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि झाडे लावून अशा जमिनी ‘सुधारणे’ हे धोरण झाले. खरोखर नासलेल्या जमिनीसाठी ते योग्यही होते, पण शब्द एकच असल्यामुळे निरोगी माळही त्याच यादीत गेले. ‘ओसाड माळरानावर फुलवले नंदनवन’ हा मथळा आपण सर्वांनी वाचलेला आहे. त्यामागचे शेतकऱ्याचे कष्ट आदरास पात्रच आहेत. आक्षेप आहे तो ‘ओसाड’ या शब्दाला.

परिसंस्था म्हणजे एखाद्या ठिकाणचे सजीव, तेथील माती, पाणी व हवामान आणि या सर्वांचे परस्परांशी असलेले देणेघेणे. या व्याख्येत झाड असलेच पाहिजे अशी अट नाही. सोलापूरच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कित्येक माळांवर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तेथे घनदाट जंगल वाढत नाही, हिवर आणि बोरीसारखी तुरळक झाडे व गवतच वाढते. या गवतावर नाकतोडे जगतात आणि नाकतोड्यांवर चंडोल. गवतावरच काळवीट जगते आणि काळविटावर लांडगा. उन्हाळ्यात माळ पिवळा पडून मेल्यासारखा दिसतो, तेव्हाही गवताची मुळे जमिनीत जिवंत असतात आणि माती धरून ठेवतात.

सहलीत मुलांना कुसळ हातात घेऊन पाहू द्यावे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते अशी म्हण आहे, त्यातले कुसळ हेच. त्याच्या टोकाशी अणकुचीदार बी असते आणि मागे लांब, पीळ पडलेली शेपटी. ती ओली केली की पीळ उलगडू लागतो व कुसळ तळहातावर हळूहळू फिरते. वाळले की पीळ पुन्हा बसतो. असे फिरत फिरत ते बी स्वतःला मातीत रुजवून घेते. मेंढरांच्या लोकरीत घुसून कातडीला टोचते म्हणून मेंढपाळ त्याच्यावर वैतागतात, तेही खरेच आहे.

‘माळढोक’ या नावातही हाच माळ आहे. ढोक म्हणजे करकोच्यासारखा उंच पायांचा पक्षी. सुमारे मीटरभर उंचीचा हा पक्षी उघड्यावर, जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालतो आणि लांबवर दिसणाऱ्या मोकळ्या नजरेच्या भरवशावर जगतो. त्याच्या माळावर सलग झाडे लावली तर ती नजर अडते आणि अंड्यावर टपलेल्या शिकाऱ्यांना आडोसा मिळतो. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झाले. आज देशभरात मिळून माळढोक दोनशेदेखील उरलेले नाहीत आणि नान्नजला तो दिसणे अतिशय दुर्मीळ झाले आहे.

‘गवताळ प्रदेश’ हा शब्द चुकीचा नाही. प्रेअरी, पंपास, स्टेप यांच्याविषयी भूगोलात शिकवताना तो हवाच. परंतु दख्खनच्या या जमिनीला तिचे स्वतःचे नाव असताना पारिभाषिक शब्द कंसात द्यावा, मथळ्यात नव्हे. ‘माळरानाचा विकास’ असेही तक्त्यात कोठे लिहिले असल्यास तेथे आपल्याकडचे ‘राखणे’ हे क्रियापद वापरून पाहावे. बी पडेपर्यंत जनावरे आत सोडायची नाहीत, याला शेतकरी ‘गवत राखले आहे’ असे म्हणतात. निसर्गसंवर्धनातली एक मूलभूत कृती त्या एका क्रियापदात पूर्ण येते, आणि खेड्यातून येणाऱ्या मुलांना ते घरूनच माहीत असते.

तेव्हा शीर्षक ‘माळरानावरील जीवसृष्टी’ असे ठेवावे. ‘पडीक’ या शब्दासाठी तक्त्यावर वेगळे चित्र काढता येईल: जुन्या सऱ्यांच्या खुणा अजून दिसत असलेले, दोन वर्षे न पेरलेले ज्वारीचे रान.