जुन्या संगणकांसाठी स्वतःची छोटी लिनक्स डिस्ट्रो शून्यापासून कशी बांधावी?

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, खानापूर तालुक्यातील आपल्या गावच्या वाचनालयात १ जीबी रॅमचे चार जुने संगणक पडून आहेत. त्यांच्यासाठी स्वतःची हलकी लिनक्स डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सवर बांधलेली संपूर्ण, तयार सिस्टिम) अगदी शून्यापासून बांधायची झाल्यास सुरुवात कुठून करावी, किती दिवस लागतील आणि तिच्यावर मराठी चालेल का. मी बेळगावच्या उद्यमबागेतील काही कारखान्यांच्या संगणकांची देखभाल करतो. निपाणी परिसरातील एका खासगी वजनकाट्यासाठी मी अशी एक डिस्ट्रो बांधली आहे आणि गेले तीन गळीत हंगाम ती तिथे चालू आहे. त्यामुळे जे हाताखालून गेले आहे तेवढेच लिहितो.

प्रथम शून्य कोठे मानायचे ते ठरवावे लागते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' या प्रकल्पाच्या वाटेने गेल्यास सोर्सपासून प्रोग्राम तयार करणारा कंपायलरसुद्धा आपणच बांधतो, तोही एकाहून अधिक वेळा, म्हणजे ज्या संगणकावर काम चालले आहे त्याचा अंशही नव्या सिस्टिममध्ये उतरत नाही. शिकण्यासाठी ही वाट उत्तम आहे, पण तिच्या शेवटी जे हाती येते ते आकाराने लहान नसते. लहानच हवे असेल तर शून्य म्हणजे तीन वस्तू: लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा), बिझीबॉक्स नावाचा एकच प्रोग्राम आणि कर्नल सर्वांत आधी चालवतो ती इनिट नावाची चार-पाच ओळींची स्क्रिप्ट. डेबियनची बूट फ्लॉपी एका चकतीत मावावी म्हणून ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये बिझीबॉक्स लिहायला घेतला. आज त्या एका फाइलमध्ये तीनशेहून अधिक कमांड आहेत, आणि मसल या छोट्या सी लायब्ररीसोबत कंपाइल केल्यास ती फाइल साधारण १ एमबीची होते. ज्या नावाने तिला हाक मारावी ती कमांड ती होते.

काम असे चालते. कोणत्याही चालू लिनक्स संगणकावर बिझीबॉक्सचा सोर्स उतरवून घ्यावा, त्याच्या मेन्यूत स्टॅटिक बायनरीचा (लागणाऱ्या लायब्ररी पोटातच घेतलेल्या प्रोग्रामचा) पर्याय चालू करावा आणि तो कंपाइल करावा. एका रिकाम्या फोल्डरात बिन, डेव्ह, प्रॉक आणि सिस हे चार फोल्डर करून बिनमध्ये बिझीबॉक्स आणि त्याच्या सर्व लिंक ठेवाव्यात. शेजारच्या इनिट स्क्रिप्टने प्रॉक, सिसएफएस आणि डेव्हटीएमपीएफएस या तीन फाइलसिस्टिम माउंट कराव्यात आणि शेवटी शेल सुरू करावा. हा सगळा फोल्डर सीपीआयओ या साधनाने एका फाइलीत बांधून जीझिप करावा. बांधताना 'न्यूसी' हा प्रकार आवर्जून सांगावा, कारण कर्नलला सीपीआयओचे जुने प्रकार कळत नाहीत. मग कर्नल आणि हे गाठोडे क्यूईएमयू या आभासी संगणकाला द्यावे. पडद्यावर शेलचा प्रॉम्प्ट आला की सिस्टिम उभी राहिली.

वाचताना हे सोपे वाटते. माझा प्रॉम्प्ट तिसऱ्या रात्री आला. पहिल्या रात्री पडद्यावर एकच तक्रार होती: इनिट चालवता आले नाही, एरर उणे २, आणि त्याखाली कर्नल पॅनिक. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. मी गाठोडे तीन वेळा सोडून पाहिले, इनिट जागच्या जागी होते. कर्नल 'सापडली नाही' म्हणतो तेव्हा ती फाइल इनिटच असेल असे नाही, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. इनिटच्या पहिल्या ओळीत ज्या शेलचा पत्ता लिहिलेला असतो तो शेल नसेल, किंवा तो शेल स्टॅटिक नसून त्याला लागणारा लोडर (लायब्ररी जोडून देणारी फाइल) गाठोड्यात नसेल, तरी हाच आकडा येतो. मी स्टॅटिकचा पर्याय चालू करायला विसरलो होतो. ते दुरुस्त केल्यावर उणे १३ आला. त्याचा अर्थ एवढाच की इनिट फाइलला चालवण्याची परवानगी दिलेली नाही. पुढे कर्नल बारीक करण्याच्या नादात उणे ८ पाहायला मिळाला, कारण स्क्रिप्ट चालवण्याची सोयच मी कर्नलमधून काढून टाकली होती. आणि हे सर्व पार पडल्यावर शेलमधून सवयीने एक्झिट दिले, तर पुन्हा पॅनिक: इनिट ही पहिली प्रोसेस आहे, आणि ती संपली की कर्नल पुढे जात नाही. हे तीन आकडे आणि ही शेवटची चूक एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, आपल्या दोन रात्री वाचतील.

कर्नलबाबत माझे मत बहुतेकांपेक्षा थोडे वेगळे आहे. 'टायनीकॉन्फिग' ही कर्नलची सर्वांत छोटी तयार मांडणी घेऊन खालून वर चढत जाण्यात मौज आहे, पण त्या कर्नलमध्ये पडद्यावर अक्षर उमटवण्याचीही सोय चालू नसते, त्यामुळे काय चुकले हे कळायला मार्गच उरत नाही. नवख्याने नेहमीच्या डीफकॉन्फिगने सिस्टिम उभी करावी आणि मग एकेक गोष्ट काढत जावे. 'लोकलमॉडकॉन्फिग' नावाची एक सोय आहे. ती त्या घटकेला लोड असलेले मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) तेवढे ठेवते आणि बाकीचे गाळते. ती त्याच यंत्रावर आणि सर्व उपकरणे जोडलेली असतानाच चालवावी. मी काट्यावरच्या यंत्रावर ती चालवली तेव्हा वजनदर्शकाची यूएसबी-सिरियल केबल खिशात होती. पुढच्या खेपेला नवा पेनड्राइव्ह घेऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर गेलो, केबल लावली, आणि सिरियल पोर्टचा पत्ताच नाही, कारण त्या केबलमधील चिपचा ड्रायव्हर गळलेला होता.

काट्यावर छोट्या डिस्ट्रोची गरज का पडली, हे सांगणे उपयोगाचे होईल, कारण आपल्याकडच्या परिस्थितीत आकारापेक्षा ते कारण मोठे आहे. हंगामात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रांगेत उभे असतात आणि वीज कधीही जाते. आधीच्या सिस्टिमवर वीज परत आल्यावर डिस्कची तपासणी सुरू व्हायची आणि रांग रस्त्यापर्यंत जायची. नवी सिस्टिम संपूर्ण रॅममध्ये चालते. डिस्कवरचे तिचे मूळ गाठोडे कधी लिहिलेच जात नाही, म्हणून वीज गेल्याने त्यात बिघडण्यासारखे काही नसते. यंत्र यूईएफआयचे (संगणक सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरचे) असल्यामुळे गाठोडे कर्नलच्याच पोटात घालून एकच फाइल केली आणि ती फॅट पार्टिशनवर यूईएफआयला अपेक्षित त्या नावाने ठेवली. वेगळा बूटलोडर (कर्नल उचलून सुरू करणारा प्रोग्राम) लागलाच नाही. जुन्या बायोसच्या यंत्राला मात्र सिसलिनक्ससारखा बूटलोडर लागेल. वजनांच्या नोंदी तेवढ्या वेगळ्या एक्स्ट४ पार्टिशनवर जातात, आणि नोंद खरोखर डिस्कवर उतरल्याशिवाय पावती छापली जात नाही. पावतीचा प्रोग्राम बिझीबॉक्सच्या इनिटटॅबमध्ये (काय चालवायचे त्याच्या यादीत) 'रीस्पॉन' म्हणून लिहिला आहे, म्हणजे तो मेला तरी लगेच पुन्हा उठतो.

एक फजिती मात्र पहिल्याच दिवशी झाली. सकाळी दहा वाजता आलेल्या ट्रॅक्टरच्या पावतीवर आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले. मालकांनी पावती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, हा ऊस तुमच्याकडे कालच आला होता काय?" संपूर्ण टाइमझोनची माहिती टाकण्याऐवजी मी टीझेड या व्हेरिएबलमध्ये भारतीय वेळ हाताने लिहिली होती, 'आयएसटी अधिक ५:३०' अशी. पॉझिक्स या मानकाच्या नियमात हे चिन्ह उलटे असते. ग्रीनिचच्या पूर्वेकडील देशांनी उणे लिहायचे असते. 'आयएसटी उणे ५:३०' केल्यावर अकरा तासांचा फरक गेला.

आता मराठी. लिनक्सच्या काळ्या कन्सोलवर मराठी चालत नाही, आणि फाँट बदलून ती चालणारही नाही. कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे कन्सोल अक्षरांची जुळणी करत नाही: 'वि' साठवताना व आधी आणि वेलांटी नंतर असते, दाखवताना मात्र वेलांटी आधी यावी लागते; जोडाक्षरांची तर बातच नको. हे काम हार्फबझसारखी लायब्ररी करते आणि तिच्यामागे पॅंगो (मजकूर मांडणारी लायब्ररी), फाँट आणि ग्राफिक्सची सगळी फौज येते. काट्यावर पावती मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत हवी होती, कारण केए २३ आणि एमएच ०९ अशा दोन्ही पासिंगच्या गाड्या तिथे एकाच रांगेत लागतात. एवढी फौज काही एमबींच्या सिस्टिममध्ये आणायला माझे मन घेईना. शेवटी लक्षात आले की पावतीवर बदलतात ते फक्त आकडे आणि गाडीचा नंबर, आणि ते डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या स्वतःच्या फाँटमध्ये छापले तरी कोणाची हरकत नाही. 'भरलेल्या गाडीचे वजन', 'रिकाम्या गाडीचे वजन', 'निव्वळ वजन' ही अक्षरे कायमची तीच. मग दोन्ही भाषांतील अशी सोळा लेबले मी घरच्या लॅपटॉपवर पॅंगोने काळ्या-पांढऱ्या चित्रांत उतरवली, २४ पिनांच्या प्रिंटरला कळतील अशा ठिपक्यांत बदलली आणि फाइली करून ठेवल्या. पावती छापताना त्या फाइली आणि आकडे एकामागून एक सरळ प्रिंटरच्या पोर्टवर सोडले जातात. सोळाही फाइली मिळून दहा केबीच्या आसपास भरल्या. २४ ठिपक्यांच्या उंचीत मात्रा आणि उकार दोन्ही बसवणे कठीण जाते. 'क्रमांक'मधला रकार अजूनही थोडा पुसट उमटतो.

आपल्या वाचनालयात लोक टाइप करणार असतील तर ग्राफिक्सला पर्याय नाही. लोहित देवनागरी आणि लोहित कन्नड हे फाँट आणि इनस्क्रिप्ट कळफलक ठेवावा. हा कळफलक भारतीय लिप्यांना सामाईक असून आयएस १३१९४ : १९९१ या मानकात तो दिलेला आहे. ज्या कळीवर देवनागरी 'क' आहे त्याच कळीवर कन्नड 'क' आहे, त्यामुळे मराठी शाळेतले आणि कन्नड शाळेतले मूल एकाच कीबोर्डवर बसू शकते. आपल्या भागात ही सोय हिंदीभाषक प्रदेशापेक्षा कितीतरी अधिक कामाची आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. काट्यावरची फाइल व्यवस्थित चालू होती, पण तिथला मदरबोर्ड बदलावा लागला, नव्यावर प्रिंटरचा जुना पोर्ट नव्हता, आणि यूएसबी प्रिंटरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये घालणे भाग पडले. माझ्याकडे सोर्स पुन्हा उतरवता येण्याजोगा होता. कर्नलचे कॉन्फिग मात्र गेले होते. कर्नलला स्वतःचे कॉन्फिग स्वतःच्या पोटात ठेवायला सांगता येते, मग ते प्रॉकमधून परत काढता येते, पण जागा वाचवण्यासाठी तो पर्यायही मी बंद केला होता. त्या काही केबींच्या बचतीपायी चार रविवार गेले. आज माझ्याकडे एक स्क्रिप्ट आहे: कोणत्या आवृत्तीचा सोर्स कुठून घ्यायचा, त्याचा चेकसम (फाइल तीच आहे हे ताडून पाहायचा आकडा) काय, कॉन्फिगच्या फाइली कोणत्या आणि सगळे कोणत्या क्रमाने बांधायचे, हे तिच्यात लिहिलेले आहे. रिकाम्या फोल्डरात ती चालवली की काट्यावरची फाइल तयार होते. ही स्क्रिप्ट जमेपर्यंत माझ्याकडे नुसता एक चालणारा पेनड्राइव्ह होता. त्याला डिस्ट्रो म्हणणे चुकीचे होते. आपणही पहिला प्रॉम्प्ट दिसल्याच्या दुसऱ्या दिवशीच ही स्क्रिप्ट लिहायला घ्यावी, सगळे बांधून झाल्यावर नव्हे. बिल्डरूट हे साधन नेमके हेच काम नेटकेपणाने करते. हाताने एकदा बांधून झाल्यावर त्याच्याकडे वळलात तर त्याची प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल. तयार इमेज इतरांना देणार असाल तर कर्नल आणि बिझीबॉक्स हे दोन्ही जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहेत, म्हणून सोर्सही देण्याची तयारी ठेवावी लागते. स्क्रिप्ट असेल तर तेही ओझे वाटत नाही.

किती दिवस, याचे उत्तर: प्रॉम्प्टपर्यंत दोन-तीन रात्री, एखादे ठरावीक काम करणारी सिस्टिम उभी करायला सुटीच्या दिवसांचे दोन-तीन महिने.

वाचनालयाच्या त्या चार संगणकांवर मात्र स्वतः बांधलेली डिस्ट्रो टाकू नये, असे माझे मत आहे. काट्यावरच्या यंत्राला इंटरनेट नाही, म्हणून मी दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या न टाकताही निर्धास्त झोपतो. आपल्याकडे मुले ब्राउझर उघडणार, आणि ब्राउझर हा बाकीच्या सगळ्या सिस्टिमपेक्षा जड असतो, शिवाय त्याला सतत नव्या आवृत्त्या लागतात. आधी प्रॉकमधील सीपीयूइन्फो या फाइलमध्ये 'एलएम' हा शब्द आहे का ते पाहा. असल्यास प्रोसेसर ६४ बिटचा आहे आणि अर्धी काळजी मिटली. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दिले जात नाहीत, आणि फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर ३२ बिट लिनक्सची साथ सोडली आहे. ६४ बिटच्या यंत्रांवर अल्पाइन हे तयार, हलके लिनक्स टाकावे. तेही मसल आणि बिझीबॉक्सवरच उभे आहे, त्यामुळे हाताने बांधताना जे शिकाल ते तिथे जसेच्या तसे उपयोगी पडेल. चारपैकी एखादे ३२ बिटचे निघालेच तर ते वाचनालयाला न देता स्वतःच्या प्रयोगांसाठी मागून घ्या.