नव्या गाडीत सीडी प्लेयर नाही, सीड्यांचं काय करू?

प्रश्न: नवी गाडी घेतली तर सीडी टाकायला जागाच नाही. शास्त्रीय गायनाच्या एवढ्या सीड्या जमवल्यात, ब्लूटूथवर तानपुरा बारीक वाटतो. काही उपाय?

उत्तर: तुमची हळहळ अगदी पटते हो. डॅशबोर्डवरची ती जागा मोठ्या टचस्क्रीनला गेली, शिवाय मोटर, लेसर, आत जाणारी धूळ ही कटकट कंपन्यांना नको होती आणि लोक मोबाइलवर गेलेच होते. पण सीड्या टाकून देऊ नका! कॉम्प्युटरला यूएसबीचा सीडी ड्राइव्ह लावा आणि गाणी फ्लॅकमध्ये (आवाज न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) रिप करा, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घ्या; एमपी3 नको, कारण फ्लॅकमध्ये सीडीच्या आवाजाचा दर्जा (16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ) जसाच्या तसा राहतो आणि फाइल साधारण निम्मी होते. एका सीडीला 300-400 एमबी धरा, म्हणजे 32 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये 70-80 सीड्या आरामात. हा पेनड्राइव्ह गाडीच्या यूएसबी पोर्टला लावायचा; पण आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये फ्लॅक चालतं का बघा, काही गाड्यांत एखादा पोर्ट नुसता चार्जिंगचा असतो तेही बघा. पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना फॅट32 हा प्रकार निवडा, बहुतेक गाड्या तो वाचतात. आणि सीडीसोबतची पुस्तिका जपाच, कारण तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण हे म्युझिक अ‍ॅपवर बऱ्याचदा सापडतच नाही.